स्कूटरची निवड आणि डोक्याची राखण

(तळेरे येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपले तळेरे हे वाटांचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, वैभववाडी व गगनबावड्यावरून कोल्हापूरला जाणारा रस्ता येथे त्याला मिळतो आणि विजयदुर्गाकडची वाटही याच परिसरातून फुटते. त्यामुळे शाळा, कचेरी, बँक किंवा बाजार यांसाठी नांदगाव-कणकवलीपर्यंत रोज ये-जा करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपली मुलेही नोकरीनिमित्त कोल्हापूर, पुणे, मुंबई येथे राहतात आणि तेथे गेल्यावर पहिली मोठी खरेदी करतात ती बहुधा दुचाकीची. म्हणून ही खरेदी विचारपूर्वक कशी करावी, याविषयी चार शब्द बोलावेत असे मी ठरविले आहे.

महाराष्ट्राचा आणि स्कूटरचा संबंध जुना आहे. पुण्याच्या बजाज कंपनीची 'चेतक' १९७२ साली बाजारात आली. साताऱ्यास १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीत 'प्रिया' तयार होऊ लागली. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळेल ती गाडी घ्यायची आणि जपायची, एवढेच ग्राहकाच्या हाती होते. आज स्थिती उलट आहे. गाड्या भरपूर आहेत, कर्जही सहज मिळते. पण निवड करण्याची जबाबदारी मात्र ग्राहकावर आली आहे.

भरवशाची गाडी कोणती, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत शोधू नये. पहिला प्रश्न असा विचारावा की, गाडी बिघडली तर ती दुरुस्त करणारा किती अंतरावर आहे? ज्या गाडीचे सुटे भाग कणकवलीत मिळतात आणि जिचे यंत्र गावच्या मेस्त्रीला परिचयाचे आहे, ती गाडी आपल्यासाठी भरवशाची. दुसरा प्रश्न उपयोगाचा. सपाट शहरी रस्त्यावर एकट्याने जाणाऱ्यास ११० सीसीची स्कूटर पुरते. मागे माणूस बसवून करूळ घाट वारंवार चढावयाचा असेल, तर १२५ सीसीचा विचार करावा. तिसरी गोष्ट चाकांची. लहान चाक खड्ड्यात खोल बसते, मोठे चाक तो खड्डा सहज ओलांडते. म्हणून निदान पुढचे चाक १२ इंची असावे. टायर ट्यूबलेस असल्यास खिळा लागला तरी हवा एकदम जात नाही.

ब्रेकविषयी तर तडजोड करूच नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था व त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जखडू न देणारी व्यवस्था सक्तीची झाली आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे. गाडी उभी असताना तिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात की नाही, हेही पाहावे. आपल्या ओल्या, शेवाळलेल्या रस्त्यांवर तोल सावरायला शेवटी पायच उपयोगी पडतो.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरविषयी आता पुष्कळजण विचारतात. रोजची ठराविक फेरी करणाऱ्यास ती काटकसरीची ठरू शकते. मात्र कंपनी सांगते तेवढे अंतर चढावर, दोन माणसांसह आणि काही वर्षांच्या वापरानंतर मिळेल असे गृहीत धरू नये. आपल्या जाण्यायेण्याच्या अंतराची दुप्पट क्षमता असावी, बॅटरीची हमी लेखी घ्यावी आणि पावसाळ्यात वीज गेली तर पर्याय काय, याचा विचार आधीच करावा.

गाडीसंबंधी इतके पुरे. आता ज्या वस्तूसाठी आपण खळखळ करतो, तिच्याकडे वळतो. लाखाच्या घरातील गाडी घेणारा माणूस हेल्मेटच्या वेळी मात्र शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. मीही त्यांतलाच होतो. नोकरीत असताना मी स्कूटरने शाळेत जात असे. हेल्मेट होते, परंतु ते पायाजवळच्या हुकाला लटकत असे. "हयसरच तर जातंय" हे माझे नेहमीचे उत्तर. पहिल्या पावसाच्या दिवशी वळणावर गाडी घसरली. वेग फार नव्हता. पण डोके गटाराच्या सिमेंटच्या कडेवर आपटले. जखम लवकर भरली. परंतु पुढे कित्येक दिवस वर्गात हजेरी घेताना समोर बसलेल्या मुलांची नावे मला आठवत नसत. हुकाला अडकविलेल्या हेल्मेटवर मात्र एक ओरखडाही नव्हता.

हेल्मेट काय करते हे समजून घेतले, तर त्याचा कंटाळा येणार नाही. बाहेरचे कवच आघात पसरविते. खरे काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा जाड थर. तो चेपतो आणि मेंदूला बसणारा धक्का शोषून घेतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही; म्हणून जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावेच. वेगाचा हिशेबही पाहा. ताशी ३० किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवरून पडणे. वेग दुप्पट, म्हणजे ६० झाला की ती उंची चौपट, सुमारे १४ मीटर होते. माडावरून पडणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वार व मागे बसलेले यांनी हेल्मेट घातलेले नव्हते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

हेल्मेट घेताना भारतीय मानक ४१५१ चे चिन्ह व परवाना क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. रस्त्याकडेला मिळणारी टोपी ही केवळ टोपीच असते. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजावा. घातल्यावर गाल हलकेच दाबले जावेत. पट्टा लावून मागून पुढे ढकलले असता ते निघता कामा नये. काच पारदर्शक असावी, कारण काळ्या काचेतून पावसाळी संध्याकाळी काहीच दिसत नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोके सोडून जाते. मागे बसणाऱ्या गृहिणीचे आणि मुलांचे डोकेही तेवढेच मोलाचे आहे, हे सांगावे लागू नये. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे आणि २०२३ पासून त्याहून लहान मुलांसाठीही हेल्मेट व सुरक्षापट्टा बंधनकारक आहे.

शेवटी दोन विनंत्या. शिक्षकांनी शाळेच्या आवारात अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या दुचाक्या येऊ देऊ नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा अपराधाबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, वळणावरची झाडी पावसाळ्यापूर्वी तोडून घ्यावी आणि स्वतः हेल्मेट घालूनच सभेस यावे. गाव उपदेशापेक्षा उदाहरणाने लवकर शिकते.

स्कूटर जुनी झाली तर विकता येते, मोडली तर दुरुस्त होते. डोक्याचे तसे नाही. तेव्हा आज येथून परत जाताना, घर अगदी जवळ असले तरी, पट्टा लावूनच गाडी सुरू करावी, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.