बीज, क्षेत्र आणि लेकीचा हक्क

(शाहूवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘मानवाधिकार’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे जिनिव्हा, न्यूयॉर्क, परदेशी शिष्टमंडळे आणि जाडजूड अहवाल उभे राहतात. हा विषय आपल्या घरचा नव्हे, तो बाहेरून आला, अशी भावनाही अनेकांच्या मनात असते. इतिहास मात्र निराळे सांगतो. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता दिली आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास आळा घालणारा कायदा केला. पुढे १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होणारे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला, म्हणून तेथे ‘सर्व मानव’ असे शब्द आले.

शब्द बदलला; पण घरातील व्यवहार बदलला का, या प्रश्नाचा शोध घेण्यात एका मराठी विदुषीने आपले आयुष्य वेचले. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र या क्षेत्रांत त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र ते अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही. त्या म्हणजे डॉ. लीला दुबे.

लीलाबाई मूळच्या आंबर्डेकर. जन्म २७ मार्च १९२३ चा. ख्यातनाम गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या थोरल्या भगिनी. मानवशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीबरोबर गाव बदलायचे, संसार मांडायचा, मुले वाढवायची आणि त्यातून वेळ काढून अभ्यास करायचा, अशी त्यांची सुरुवातीची वाटचाल होती. हैदराबादजवळच्या शामीरपेठ या खेड्याच्या पतीने केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात त्यांचाही सहभाग होता. गोंड समाजातील स्त्रियांवरील प्रबंधासाठी त्यांना नागपूर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यानंतर सागर विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले.

त्या काळी नातेसंबंधांचा अभ्यास म्हणजे वंशावळी आणि नात्यांच्या नावांचे तक्ते, असे समीकरण होते. लीलाबाईंनी त्या तक्त्यांना वेगळे प्रश्न विचारले. घर कोणाच्या नावावर असते? मूल कोणाचे म्हटले जाते? नवऱ्याचे घर सुटले तर स्त्रीने जायचे कोठे? लक्षद्वीपमधील कल्पेनी बेटावरील समाजाचा त्यांनी अभ्यास केला. तेथील लोक धर्माने मुसलमान. पण वंश चालतो आईकडून. विवाहानंतरही स्त्री आपल्या मातृगृहातच राहते आणि पती तिच्या घरी येतो. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. स्त्रीचे घरातील स्थान केवळ धर्मावरून ठरत नाही. वंश कोणाकडून मोजतात, राहायचे कोठे आणि मालमत्ता कोणाची, यांवरही ते अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेण्यासाठी १९७१ साली एक समिती नेमली. तिचा ‘समानतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल डिसेंबर १९७४ मध्ये सादर झाला. त्या कामात लीलाबाईंचा महत्त्वाचा वाटा होता. १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या; १९७१ साली हा आकडा ९३० वर आला होता. राज्यघटनेने समान हक्क दिल्यानंतरही स्त्रियांची संख्या घटतच होती. या अहवालाने देशाला खडबडून जागे केले.

पुढे आंतरराष्ट्रीय क्षेत्रातून त्यांना पाचारण होऊ लागले. युनेस्कोसाठी त्यांनी आग्नेय आशियातील स्त्रीविषयक अभ्यासांचा अहवाल लिहिला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. मानवशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्त्रीविषयक आयोगाचे नेतृत्व त्यांनी केले. दक्षिण आणि आग्नेय आशियातील नातेव्यवस्थांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने १९९७ साली प्रकाशित केला. थायलंडमध्ये आईवडिलांचे घर अनेकदा धाकट्या मुलीकडे जाते. सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजात वडिलोपार्जित शेती स्त्रियांच्या वंशातून चालते. हे सारे आशियातीलच समाज आहेत. तेव्हा मुलीला घर आणि जमीन मिळणे ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असे म्हणण्याला आधार उरत नाही.

या अभ्यासातून लीलाबाईंनी आपल्या समाजाविषयी जे सांगितले, ते शेतकऱ्याला चटकन उमगेल असे आहे. पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र, अशी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. धर्मशास्त्रांतही तिची चर्चा आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लीलाबाईंनी तिचा अर्थ उलगडून दाखविला. बी टाकणारा तो धनी आणि पीकही त्याचे. जमीन नऊ महिने सोसते, पोसते. पण मालकी सांगत नाही. या एका रूपकाने मुलावरचा आईचा हक्क आणि संपत्तीवरचा लेकीचा हक्क, दोन्ही बाजूला सारले जातात.

मुलगी हे शिकते कशी? त्यासाठी कोणी पाठ देत नाही. हिंदू मुलींच्या जडणघडणीवरील १९८८ च्या निबंधात लीलाबाईंनी सण, गाणी, खेळ आणि जेवणाची पंगत यांचे बारकाईने निरीक्षण मांडले. आपल्याकडे कुमारिकेचे पूजन होते, गौरी माहेरवाशीण म्हणून येते. त्यातला जिव्हाळा खरा आहे. पण त्याच वेळी, हे घर तुझे कायमचे नव्हे, हेही लेकीच्या मनावर नकळत बिंबते.

१९८३ साली एका मोठ्या वादात त्यांना उतरावे लागले. गर्भजल तपासून मुलीचा गर्भ पाडण्याचे प्रकार सुरू झाले होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासक धर्मा कुमार यांनी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त असा युक्तिवाद केला की, पुरवठा घटला की किंमत वाढते, तेव्हा मुली कमी झाल्या तर त्यांचे मोलही वाढेल. लीलाबाईंनी त्याच नियतकालिकातून उत्तर दिले. स्त्री ही बाजारातील वस्तू नाही, आणि जिथे तिच्याकडे वस्तू म्हणून पाहतात तिथे टंचाईने तिचा मान वाढत नाही; तिच्यावरचा पहारा, जबरदस्ती आणि अपहरण मात्र वाढते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे हरियाणात दूरच्या प्रांतांतून वधू विकत आणल्या जाऊ लागल्या, तेव्हा हा इशारा किती अचूक होता हे दिसले.

आणि महाराष्ट्र? गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली आपल्याच राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची राज्यातील संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. शाहू छत्रपतींच्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली ती ८३९ होती. २००९ च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारे उपकरण बसविण्याची मोहीम हाती घेतली. २०११ साली आकडा ८६३ झाला. सुधारणा झाली, पण समाधान मानावे अशी ती नाही.

हे पाप अडाण्यांचे म्हणून हात झटकता येणार नाहीत. सोनोग्राफीचा खर्च परवडतो तो सुखवस्तू, शिकलेल्या कुटुंबांना. ऊस आणि साखर कारखाने यांनी सधन झालेल्या आपल्या जिल्ह्याने हा आकडा पाहिला, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

जमिनीचेही तसेच. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला. तो जन्माने मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. प्रत्यक्षात वारसनोंदीच्या वेळी बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लागते आणि पाठोपाठ तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. ती सही करते, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ही तिला भीती असते. कडवी आणि वारणेच्या खोऱ्यात पुरुष मुंबईला नोकरीस गेले, तेव्हा भाताची रोपलागण आणि गुरेढोरे बायकांनीच सांभाळली. ज्यांच्या कष्टावर शेती टिकली, त्यांचे नाव मात्र त्या शेतावर राहत नाही.

२० मे २०१२ रोजी लीलाबाईंचे निधन झाले. परदेशातील परिषदांमधून मान मिळविलेल्या या विदुषीचे अभ्यासक्षेत्र अखेरपर्यंत आपले घर, आपली नाती आणि आपला उंबरठा हेच राहिले. कुटुंब ही आपल्या समाजाची खरी शक्ती आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या शक्तीची परीक्षा कुटुंबातील लेकीच्या वाट्याला काय येते यावरून होईल. या सभागृहातील प्रत्येक बंधूने पुढच्या वारसनोंदीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवायचा नाही, आणि हिस्सा घेऊनही तिचे माहेर पूर्वीइतकेच तिचे राहील हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचे, एवढा निश्चय केला तरी पुष्कळ झाले.