आकड्यांची अक्षरे



आम्ही हमालांच्या संघटनेतले माणूस. शाळा सातवीतच सुटली. पुढचे गणित मोंढ्यात हळदीची पोती मोजता मोजता शिकलो. तेव्हा पंडिताचा आव न आणता आधी एक गंमत सांगतो.

इंग्रजीत कोणत्याही आकड्याच्या नावातली अक्षरे मोजा. ट्वेंटीची सहा, सिक्सची तीन, थ्रीची पाच, फाइव्हची चार आणि फोरची चारच! कोठूनही निघा, मुक्काम चारवर.

आता मराठीकडे या. जोडाक्षर एकच धरा. एकपासून दहापर्यंत प्रत्येक नाव दोन अक्षरी, शून्यसुद्धा! शंभरापर्यंत सहा अक्षरांहून लांब नाव नाही. एकोणपन्नासची अक्षरे सहा, सहाची दोन, दोनची दोन. आपला मुक्काम दोनवर.

पण ही नावे पोटाशी कशी भिडतात तेही ऐका. एका आडतीवर आमच्या सोबत्याने एकोणऐंशी पोती उतरवली. पावतीवर आकड्यात ६९, अक्षरात 'एकोणऐंशी'. त्याने अंगठा दिला. संध्याकाळी पैसे दहा पोत्यांचे कमी! आम्ही पावती घेऊन मुनिमापुढे उभे राहिलो आणि अक्षरावर बोट ठेवले. धनादेशावर आकडा आणि अक्षर जुळले नाही तर अक्षर खरे धरावे, असे १८८१ च्या कायद्याचे १८ वे कलम सांगते. पावती म्हणजे धनादेश नव्हे; पण न्याय तोच. मुनिमाने पोती पुन्हा मोजली आणि हमाली चुकती केली.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी, याने लेकरू गोंधळते. अनेकांनी थट्टा केली. आम्हांला मात्र तो अंगठा आठवला. 'एकोणऐंशी' म्हणजे ऐंशीला एक उणा, पण लिहायचा सात आधी! लेकरू अडखळले तर नवल काय?

जुनी नावे टाका, असे आम्ही म्हणत नाही. ती आमच्या आयांनी शिकवली आहेत. एवढेच मागतो : आज घरी गेल्यावर लेकरांकडून एकोणीस ते नव्याण्णव वाचून घ्या, अक्षरांत लिहून घ्या. आणि शेजारी कोणी अंगठा देणारा असेल, तर त्यालाही जवळ बसवा.