लंडन किती लांब?



लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघालेल्या आईला जो तो सांगतो, "विमानाने काय, नऊ-दहा तास!" मुंबईहून हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. १९४८ साली एअर इंडियाचे पहिले विमान कैरो, जिनिव्हा असे थांबत गेले होते. आता ते थेट जाते. उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून येण्यापेक्षा जायला वेळ अधिक.

तिकीट मात्र नीट वाचावे. निघण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची लंडनची! हिवाळ्यात तिथले घड्याळ साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. रात्री २ ला निघून सकाळी साडेसहाला उतरलात, तर हिवाळ्यात पुरते १० तास झाले. शिवाय कोल्हापूर-मुंबई वेगळेच. मधुमेहाची इंजेक्शने घेणाऱ्यांनी वेळा कशा पाळायच्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.