पाठीचा घसारा कोण धरणार?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणं झालं, पीकविम्यावर झालं. माझ्याकडे दिलेला विषय कंबरेच्या दुखण्याचा आहे. हा दवाखान्यातला विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असं काहींना वाटेल. पण या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या पिशवीत कंबरेचा पट्टा आहे, किती जणांच्या खिशात दुखण्याच्या गोळीची पट्टी आहे, हे ज्याचं त्याला माहीत आहे. हे दुखणं शेतातून आलं आहे आणि त्याचा खर्चही शेतावरच बसतो. म्हणून तो आपला विषय आहे.

माझ्या स्वतःच्या कंबरेच्या गादीचं ऑपरेशन झालेलं आहे. ऑपरेशन चांगलं झालं. तरीही वर्षातून दोन-तीन वेळा कंबर धरते, आणि तेव्हा एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून तालुक्याला जाणं जमत नाही. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारला जातो, "ऑपरेशन केलं ना, मग अजून कसं दुखतं?" या प्रश्नात दोन शंका असतात. एक, डॉक्टरनं फसवलं. दोन, हा कामचुकारपणा करतो. बहुतेक वेळा दोन्ही शंका खोट्या असतात. त्या का खोट्या, ते आधी समजून घेऊ.

ऑपरेशन काय करतं आणि काय करत नाही

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत मऊ गर. कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांवर अंगाचा आणि ओझ्याचा भार जास्त येतो, म्हणून बहुतेक वेळा त्याच फाटतात. आतला गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणारी नस दाबतो. मग कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पार पावलापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. दुखणं पायात, पण मूळ कंबरेत.

गादीचा बाहेर आलेला तुकडा हेच या दुखण्याचं कारण आहे आणि तो काढता येतो, हे अमेरिकेतल्या बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. आजची ऑपरेशनं लहान छेदातून होतात, दुर्बिणीतून होतात, पण मूळ काम तेच : नस दाबणारा तुकडा काढायचा. म्हणजे हे ऑपरेशन मुख्यतः पायाच्या कळेसाठी असतं. फाटलेली गादी त्यानं नवी होत नाही. ती झिजलेली, थोडी बसलेली अशीच राहते. फुटलेल्या बांधाला दगड लावून पाणी थांबवलं, म्हणून बांध पहिल्यासारखा झाला असं होत नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी तिथं एक नजर टाकावी लागते.

नॉर्वेतल्या वेबर नावाच्या डॉक्टरांनी १९८३ साली दहा वर्षांचा हिशोब प्रसिद्ध केला. ऑपरेशन करावं की न करावं असा प्रश्न असलेल्या १२६ रोग्यांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका वर्षानंतर ऑपरेशन झालेल्यांची तब्येत स्पष्टपणे चांगली होती. दहा वर्षांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. याचा अर्थ ऑपरेशन वाया जातं असा नाही. ज्याला कळेनं रात्र-रात्र झोप नाही त्याला लवकर सुटका मिळते, आणि ती मोठी गोष्ट आहे. पण ऑपरेशन म्हणजे जन्मभराची हमी नाही. ज्यानं ही हमी धरून पुढच्या हंगामाचं गणित मांडलं, त्याचं गणित चुकतं.

दुखणं परत आलं तर

परत येणारं दुखणं तीन प्रकारचं असतं. ते ओळखता आलं, तर निम्मी भीती आणि निम्मा खर्च वाचतो.

पहिला प्रकार नेहमीचा. कंबर धरते, उसण भरल्यासारखी आखडते, पण कळ पायात खोल जात नाही. हे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतं. एखाद-दुसरा दिवस हलकं राहावं आणि मग चालायला लागावं. पंधरा दिवस बाजेवर पडून राहिलं तर पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि पुढची उसण लवकर येते. आणि भावांनो, उसणीवर पायाळू माणसाची लाथ हा आपल्याकडचा जुना इलाज आहे. ऑपरेशन झालेल्या पाठीवर तो करू नका. पाठ तुडवून घेणं, कडकन मोडून घेणं हेही नको.

दुसरा प्रकार, पायातली जुनी कळ पुन्हा सुरू होते. ऑपरेशन झालेल्या दर शंभरांत साधारण पाच ते पंधरा जणांची गादी त्याच जागी पुन्हा निसटते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त आढळतं. अशा वेळी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवावं. पण लगेच दुसऱ्या ऑपरेशनसाठी एकर विकायला काढू नका. पाऊल लुळं पडलेलं नसेल, तर सहसा काही आठवडे औषध-व्यायाम करून वाट पाहता येते. "थांबलो तर काय बिघडेल?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा तुमचा हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारू नका.

तिसरा प्रकार धोक्याचा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडून चप्पल निसटू लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठा दवाखाना गाठायचा. इथं तास मोजावे लागतात. आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, तरी लगेच दाखवायचं.

आता सुईचं बोलतो. कंबर धरली की गावात सुई टोचून घ्यायची आणि दुपारी डवरणीला जायचं, ही रीत पडली आहे. त्या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं. तुमच्यापैकी जुन्या माणसांनी गावाबाहेर मेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं पाहिली असतील. ती कुठं गेली? हेच औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, हे २००४ साली सिद्ध झालं आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही. पण उन्हात अंगातलं पाणी आटलेलं असताना, उपाशीपोटी, महिनोन् महिने हे औषध घेतलं तर मूत्रपिंड आणि जठर दोन्हींवर बेतू शकतं. शिवाय सुईनं दुखणं मुकं होतं, गादी बरी होत नाही. मुक्या झालेल्या पाठीवर आपण पुन्हा पोतं घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुन्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. पट्टे आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचा इलाज म्हणून करू नये, असं त्यात म्हटलं आहे. रोजचं चालणं आणि तज्ज्ञानं शिकवलेले चार व्यायाम दुखत नसतानाही करणं हे स्वस्त औषध आहे. स्वस्त आहे म्हणूनच त्यावर आपला विश्वास बसत नाही.

काम सोडायचं नाही, काम बदलायचं

"आता जड काम करू नका," असं डॉक्टर सांगतात. कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला म्हणजे "शेती करू नका" असाच ऐकू येतो. म्हणून जड म्हणजे काय, ते मोजून पाहू. जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी १९९९ साली एका माणसाच्या कंबरेच्या गादीत दाब मोजणारी सुई बसवून आकडे प्रसिद्ध केले. उभं असताना जेवढा दाब, त्याच्या पाचवा हिस्सा आडवं पडल्यावर. २० किलोचं ओझं कंबरेत वाकून उचललं तर उभ्याच्या साडेचार पट. तेच ओझं गुडघ्यात बसून उचललं तर सुमारे साडेतीन पट. आणि ओझं छातीशी धरलं तर दुपटीच्या थोडं वर. ओझं तेवढंच, पण उचलण्याच्या रीतीनं भार निम्म्यावर येतो.

हे आपल्या कामांना लावून पाहा. फवारणीचा पंप १६ लिटरचा. पाणी आणि पंप मिळून वीस किलोच्या वर जातो. तो जमिनीवरून वाकून पाठीवर घ्यायचा नाही. बैलगाडीच्या साटीवर, बांधावर किंवा ड्रमवर ठेवून भरायचा, तिथूनच खांद्यावर घ्यायचा, आणि निम्माच भरायचा. फेऱ्या वाढतील, पण हंगाम निघेल. पऱ्हाटी हातानं हिसका देऊन उपटायची नाही. लांब दांड्याचा चिमटा लोहाराकडून करून घेता येतो. रब्बी ज्वारी उपटण्याचं काम तर धडधाकट माणसाची कंबर मोडणारं आहे. ते ऑपरेशन झालेल्यानं करूच नये. मोटारसायकलवर मागे पोतं बांधून खड्ड्यांतून जाणं हेही त्यातच आलं.

याचा अर्थ पाठीला अजिबात भार द्यायचा नाही असा नाही. उन्हाळाभर बसून असलेल्या बैलाला पहिल्याच दिवशी आपण दिवसभर नांगराला जुंपत नाही. आधी वखर, आधी अर्धा दिवस. स्वतःच्या पाठीला तोच नियम लावा. मृगाच्या आधी महिनाभर चालणं आणि हलकी कामं वाढवत न्यायची. बैलाचा खांदा सुजला तर आपण जू लावत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोण्यानं खांदे मळतो. घरच्या माणसाच्या पाठीला हा मान वर्षातून एकदाही नाही.

बायकांच्या पाठीचं तर नावच नाही. निंदणाला वाकायचं, वेचणीला वाकायचं, ओटी भरली की गाठोडं डोक्यावर घ्यायचं, घरी येऊन पुन्हा चुलीशी आणि हापशावर. पुरुषाचं दुखणं निदान एम. आर. आय.पर्यंत जातं. बाईचं बामच्या डबीवर थांबतं. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं तिलाही लागू आहेत, आणि तिला सांगितलेला आरामही आरामच असला पाहिजे.

हिशोबाची गोष्ट

मी शेतकी शिकलो तेव्हा शक्तीचा धडा होता. बैल म्हणजे अमुक अश्वशक्ती, आणि माणूस म्हणजे एक दशांश अश्वशक्ती. माणसाबद्दल एवढंच. ही एक दशांश शक्ती चाळिशीत मोडली तर काय, हे पुस्तकात नव्हतं. आजही कृषिमूल्य आयोग जो उत्पादनखर्च काढतो, त्यात अवजारांचा आणि गोठ्याचा घसारा धरला जातो. घरच्या माणसांची मजुरीही धरली जाते. पाठीचा घसारा मात्र कुठल्याच रकान्यात नाही. वखराची पास झिजते हे सरकारला दिसतं. वखर धरणारा झिजतो हे दिसत नाही. मग ऑपरेशनचा खर्च कुठून येतो? तो सावकाराकडून येतो, नाही तर जमिनीतून येतो.

शेतकरी अपघात योजनेत मृत्यू, डोळा किंवा हातपाय गमावणं याला मदत आहे. पोतं उचलताना गादी निसटली, तर ते त्यात बसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली होती, की एका पुरुषानं वाहायचं ओझं ५५ किलोपेक्षा जास्त नसावं. आपल्या पोत्याचं वजन कोण ठरवतो? युरियाची गोणी ५० किलोची होती, ती २०१८ साली ४५ किलोची झाली. ती पाठ वाचवायला नाही, युरिया वाचवायला झाली. पण एका हुकमानं देशभरातल्या गोणीचं वजन बदलतं, एवढं तर त्यातून सिद्ध झालं.

म्हणून या बैठकीपुढे मी तीन गोष्टी ठेवतो. एक, खताची आणि धान्याची गोणी २५ किलोची मिळावी, आणि उत्पादनखर्चात शरीराच्या झिजेचा रकाना असावा, हा ठराव आपण करावा. दोन, कामावर गादी निसटून अपंगत्व आलं तर अपघात योजनेत ते धरावं, हाही ठराव करावा. तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपल्या हातात आहे. प्रत्येक गावात इर्जिक पुन्हा सुरू करा. पेरणी, पऱ्हाटी उपटणं, पोती चढवणं, एवढी तीन-चार कामं कंबर गेलेल्या घरची सगळ्यांनी मिळून करावीत. त्यानं बदल्यात वजनकाट्यावर उभं राहावं, हिशोब लिहावा, विम्याचे अर्ज भरावेत, राखणीला जावं. हे उपकार नाहीत, कामाची अदलाबदल आहे.

असं झालं तर कंबर धरलेला माणूस लाजेपोटी पोतं उचलायला जाणार नाही. आज तो जातो, कारण "नाटक करतो" हे ऐकण्यापेक्षा त्याला दुखणं बरं वाटतं. हे वाक्य निदान आपल्या संघटनेच्या गावांत कुणी कुणाला म्हणू नये. ठराव मंजूर व्हायला वेळ लागेल. हे मात्र आज संध्याकाळी घरी पोचल्यापासून करता येईल.