मुलाखतीला जाताना

मुलाखतीचे बोलावणे आले की घरात काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. आई देवापुढे साखर ठेवते, वडील बुटांना पॉलिश करतात आणि उमेदवार पाठांतर करीत बसतो.

माझे विद्यार्थी पालघर आणि बोईसर-तारापूरकडचे. पुष्कळांचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. त्यांच्या वेळी गेटावर चौकशी केली, ओळखीच्या माणसाने शब्द टाकला, की पाळी सुरू! मुलाला मात्र सॉफ्टवेअरची नोकरी हवी. तिथे आधी संगणकावर चाचणी, मग प्रोग्रॅमिंगची मुलाखत, मग साहेबांशी बोलणे. वडिलांचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

मी अर्थशास्त्राचा माणूस. पण एका विद्यार्थ्याने मला एक नमुन्याचा प्रश्न समजावून दिला. हजार आकड्यांच्या यादीतून अशी जोडी शोधा, की बेरीज शंभर येईल. प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिला, तर ४,९९,५०० जोड्या होतात. पण किराणा दुकानदारासारखी शेजारी वही ठेवली, पाहिलेला आकडा तीत टिपला आणि पुढच्या आकड्याचा जोडीदार वहीत आहे का एवढेच पाहिले, तर हजार फेऱ्यांत काम होते. परीक्षकाला नुसते उत्तर नको असते. तुम्ही पहिल्या वाटेवरून दुसरीवर कसे आलात, हे त्याला ऐकायचे असते. म्हणून मोठ्याने विचार करा. यादी रिकामी असली तर काय, हेही विचारा. अडलात तर तसे सांगा. गप्प बसू नका.

आता भरती करणाऱ्या मध्यस्थाविषयी. तो फोनवर गोड बोलतो, पण त्याचे कमिशन बहुधा कंपनी देते. तेव्हा तो तुमचा वकील नव्हे, हे ध्यानात असू द्या. आणि जो तुमच्याकडेच ‘अनामत’ मागतो, त्याला एक पैसाही देऊ नका. फसलाच असाल, तर लाजून बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे. बोईसरचा एक मुलगा विरारला गाडी बदलीत तीनदा मुंबईला मुलाखतीला गेला. मध्यस्थ म्हणाला, “निवड झाल्यातच जमा. पत्र सोमवारी.” त्याच आठवड्यात वसईच्या एका लहान कंपनीचे पत्र हाती आले होते. पगार कमी, उत्तर शनिवारपर्यंत हवे. मुलाने मला विचारले. मी म्हणालो, “थांब, मोठी संधी सोडू नकोस.” त्याने वसईला नकार कळवला. सोमवार आला, पत्र आले नाही. फोन कुणी उचलीना. तीन आठवड्यांनी कळले, ती जागाच रद्द झाली. तो सात महिने घरी होता. पुढे नोकरी लागली, पण “सर, तुमची काय चूक?” हे त्याचे वाक्य मला अजून टोचते.

म्हणून सांगतो. हातात कागद येईपर्यंत नोकरी लागली असे समजू नका आणि हातातला कागद तोंडच्या शब्दावर सोडू नका. उत्तर आले नाही, तर आठवड्याने एकदा नम्रपणे विचारा आणि पुढच्या अर्जाला लागा. त्यांचे मौन म्हणजे तुमच्या लायकीवरचा शेरा नव्हे.

आणि वडीलधाऱ्यांनो, सल्ला देण्यापूर्वी एवढेच विचारा: “पत्र आले का रे?”