रक्त घेणाऱ्या हाताचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



युवकांच्या व्यवसायशिक्षणावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मोठ्या पदव्यांविषयी आपण नेहमीच ऐकतो. आज मी एका दुर्लक्षित कामाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेणे. हे काम करणाऱ्यास फ्लेबॉटॉमी टेक्निशियन म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींच्या रक्ततपासणीत पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आढळले. ऐन पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी आम्ही त्यांना लोणावळ्याहून पुण्यास नेले. तेथे पुन्हा रक्त तपासले, तर पोटॅशियम अगदी योग्य! पहिला नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर आले होते. दोष यंत्राचा नव्हता, नमुन्याचा होता. प्रयोगशाळांतील निम्म्याहून अधिक चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडतात, असे अभ्यासकांना आढळून आले आहे.

म्हणूनच हे काम म्हणजे केवळ सुई टोचणे नव्हे. विद्यार्थी प्रथम रबरी हातावर सराव करतो, त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्णाकडे जातो. "आपणच अमुक का?" असे न विचारता रुग्णास स्वतःचे नाव सांगावयास लावावे, हा त्याचा पहिला धडा. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाहून अधिक काळ ठेवू नये. नळ्यांचा क्रमही ठरलेला असतो: निळ्या टोपणाची नळी आधी, जांभळी व राखाडी शेवटी. जांभळ्या नळीतील औषधाचा अंश दुसऱ्या नळीत गेला, तरी पोटॅशियम खोटे वाढते व कॅल्शियम खोटे घटते. नळीवर नावाची चिठ्ठी रुग्णासमोरच लावावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालू नये. ती सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावी. स्वतःच्या रक्षणासाठी कावीळ-बी प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा आधीच घ्याव्यात. आणि दोन प्रयत्नांत शीर सापडली नाही, तर अभिमान बाजूला ठेवून ज्येष्ठास बोलवावे.

आपल्या मावळात या शिक्षणाची गरज अधिकच आहे. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ येथील वाड्यावस्त्यांत घेतलेला नमुना कामशेत, तळेगाव, प्रसंगी पुण्यापर्यंत प्रवास करतो. साध्या नळीतील रक्तपेशी वाटेतही साखर वापरतच राहतात. त्यामुळे उशीर झाला, तर मधुमेही माणसाची साखर कमी दिसते. राखाडी टोपणाच्या नळीतील फ्लोराइड हा ऱ्हास रोखण्यासाठीच असते. हे ज्यास ठाऊक नाही, त्याने घेतलेल्या नमुन्यावर डॉक्टरांनी औषधाची मात्रा कशी ठरवावी?

आपल्या समाजापुरते आणखी एक सांगतो. चौविहार पाळणारे आपले वडीलधारे सकाळी उपाशीपोटी रक्त देण्यास येतात, तेव्हा रात्रभर पाण्याचा थेंबही त्यांच्या पोटात गेलेला नसतो. शरीरातील पाणी कमी झाले, की शिरा सहज सापडत नाहीत. जाणता तंत्रज्ञ त्यांच्यावर चिडत नाही. तो त्यांना आडवे निजवतो, हात उबदार करतो आणि घाई टाळतो. व्रताचा मान राखून रुग्णाचा त्रास कमी करणे, हेदेखील शिकण्याचेच कौशल्य आहे.

बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना डी.एम.एल.टी.चा मार्ग खुला आहे. केवळ रक्त घेण्याचे कौशल्य शिकविणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. मात्र प्रवेशापूर्वी दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात: अभ्यासक्रमास मान्यता आहे काय, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात सराव मिळतो काय? नुसत्या प्रमाणपत्राने हात तयार होत नाही.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे, की आपल्या शिष्यवृत्तीत डॉक्टर व अभियंत्यांच्या जोडीने या विद्यार्थ्यांनाही स्थान द्यावे. आपण तपासणी शिबिरे भरवतो, ती उत्तमच. परंतु शिबिरात रक्त घेणारा हात शिकलेला नसेल, तर आपण सेवेच्या नावाखाली लोकांच्या हाती खोटा अहवाल देऊ. तसे घडू नये, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना.