माईकपुढे नवा माणूस उभा राहिला पाहिजे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या विहारात वक्तृत्व वर्ग चालावा असे आपण सारेच म्हणतो. वर्ग सुरू करणे सोपे आहे. तो वाढवायचा कसा, यावर आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक'. २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. विद्यार्थी किती? अवघे पंधरा! माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे त्यांनी कृतीने दाखवले.

आज काल्हेरात काय दिसते? आपली मुले गोदामात राबतात, नोकरीच्या मुलाखतीला जातात, ग्रामसभेला बसतात. पाण्याचा, गटाराचा प्रश्न ओठांवर असतो, पण हात वर होत नाही. ठराव होऊन जातो आणि घरी आल्यावर म्हणायचे, "हे बोलायला पाहिजे होतं!" इकडे जयंतीला ठरलेले चार वक्ते बोलतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. अशाने नवा वक्ता कुठून येणार?

म्हणून पहिला मान नवख्याला द्या. पहिल्या दिवशी दोनच मिनिटे: नाव, काम आणि गल्लीतली एक अडचण. प्रत्येक नवख्यामागे एक जुना माणूस लावा. त्याने आदल्या दिवशी घरी बसून ऐकावे, चिठ्ठीवर तीन मुद्दे लिहून द्यावेत. भाषण मात्र लिहून देऊ नये. झाल्यावर आधी काय चांगले झाले ते सांगावे, मग सुधारायची एकच गोष्ट. कुणी अडखळला तर हसायचे नाही. तथागतांनी चांगल्या वाणीच्या पाच खुणा सांगितल्या: वेळेवर, खरे, मृदू, हिताचे आणि मैत्रीने बोललेले. मापही तेच ठेवू.

दुसरी गोष्ट पाहुण्याची. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी 'टोस्टमास्टर्स' मंडळ काढले. आज ते जगभर पसरले आहे. तिथे आपसातलेच लोक वेळ लावून बोलतात, एकमेकांना सुधारतात आणि पाहुण्याला आवर्जून बसवून घेतात. आपणही दाराशी एक माणूस उभा करू. नाव विचारायचे, पाणी द्यायचे, ओळखीच्या माणसाशेजारी बसवायचे. बोलण्याची सक्ती नको. निघताना "कसं वाटलं?" विचारून पुढची तारीख सांगायची. शेजारच्या चाळीतला, दुसऱ्या समाजाचा, हिंदी बोलणारा गोदाम कामगार आला तर त्याने हिंदीत बोलावे. आजचा पाहुणा उद्याचा शिकाऊ आणि परवाचा शिकवणारा, वर्ग असाच वाढतो.

आयाबहिणींसाठी वेळही त्यांच्या सोयीची हवी. स्वयंपाकाच्या वेळी वर्ग ठेवला तर येणार कोण?

आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. वाचनानंतर रोज एका नव्या माणसाने दोन मिनिटे बोलावे, इथूनच सुरुवात करू. त्यातले दोघे-तिघे जरी पुढच्या ग्रामसभेत उभे राहिले, तरी वर्ग चालला असे आम्ही समजू.

जयभीम! नमो बुद्धाय!